माता-भगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे

2025 च्या चैत्रात आम्ही दोघं जोतिबाला जाऊन आलो. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. सांगली-साताऱ्याकडचा माणूस चैत्रात जोतिबाला नाही जाणार तर कुठं जाणार? पण 'आम्ही दोघं' हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत. माझं वय शहात्तर, सौ.चं एकाहत्तर. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली. आणि एवढ्या वर्षांत फक्त दोघांनी मिळून बघितलेली ही आमची पहिली जत्रा.

हा हिशेब माझा नाही, तिचा आहे. फाल्गुनात एकदा संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. मी नेहमीप्रमाणे जुन्या जत्रांच्या गोष्टी सांगत होतो. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार कसा भरायचा, शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी वर चढवताना माणसं हाताची साखळी कशी करतात, कवलापूरच्या शिवा-संभाचा तमाशा ऐकायला आम्ही पोरं रात्री किती कोस चालत गेलो होतो, वगैरे. ती शांतपणे वाती वळत होती. मध्येच म्हणाली, "तुम्ही बऱ्याच जत्रा बघितल्या की ओ."

मी म्हटलं, "बघितल्या म्हणजे? आपण बघितल्या."

"आपण कुठल्या?" ती म्हणाली. "मला एक सांगा बघू नाव."

मी मास्तर माणूस. छत्तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारले, पण एवढ्या साध्या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. बराच वेळ आठवून मी 1974 सालची आठवण काढली. लग्न झाल्यावर देवदर्शनाला जोतिबाला गेलो होतो. ती हसली. "त्या ट्रकात बत्तीस माणसं होती. तुम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं सासूबाईंच्या पायाशी. डोंगरावर तुम्ही चुलत्यांच्या बरोबर वीस पावलं पुढं. मला देव दिसला तो तेवढा घुंगटातनं. ती धरायची असेल तर धरा."

मी ती धरली नाही.

आमच्या पिढीत ही काही वेगळी गोष्ट नव्हती. नवराबायकोनं शेजारीशेजारी चालायचं नाही, हा अलिखित नियम होता. बाजारात, लग्नात, एस.टी. स्टँडवर, सगळीकडे तो पुढं आणि ती मागं. गंमत अशी की आमचे देव असले नियम पाळत नाहीत. शिखर शिंगणापूरची चैत्रातली यात्रा म्हणजे शंकर-पार्वतीचं लग्नच. पंचमीला हळद लागते, अष्टमीला लग्न लागतं, देवळाच्या शिखरापासून बळीच्या देवळापर्यंत लांबच लांब ध्वज बांधतात. जेजुरीला तर नवरा नव्या बायकोला उचलून पाच पायऱ्या चढतो, आणि वडीलधारी मंडळी कौतुकानं बघत उभी असतात. म्हणजे देवाच्या दारात पाच पायऱ्यांपुरती सवलत. सहाव्या पायरीपासून ती पुन्हा वीस पावलं मागं!

पण मागं चालणं हा फार तर संकोचाचा भाग झाला. खरी गोष्ट निराळी आहे आणि ती मला तिनं सांगेपर्यंत दिसली नव्हती. बाई मागं चालत होती असं नाही. बहुतेक वेळा ती जत्रेत नव्हतीच.

आमचं मूळ गाव तासगाव तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका गावाची नाही. गावची यात्रा वैशाखात असते. आपल्याकडच्या बहुतेक गावच्या जत्रा चैत्र-वैशाखातच येतात, आणि त्याला कारण आहे. रब्बीची सुगी उरकलेली असते, खळी झालेली असतात, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात आणि पावसाला अजून महिना-दीड महिना अवकाश असतो. म्हणजे शेतकऱ्याचा हात मोकळा असतो. 'शेतकऱ्याचा' म्हणजे पुरुषाचा. घरातल्या बाईचा हात मात्र त्याच दिवसांत सर्वांत जास्त अडकलेला असतो. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाची चटणी, धान्याची वाळवणं हे सगळं उन्हाळ्यातलंच काम. त्यात आमच्या भागात आता द्राक्षं आणि बेदाणा आला. चैत्रात बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाणाऱ्या बायकांना विचारा, हात मोकळा म्हणजे काय ते. आणि या सगळ्यावर जत्रा.

गावच्या यात्रेचा पहिला दिवस नैवेद्याचा. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, भजी, कुरडई. दुसरा दिवस खाऱ्या जेवणाचा. आमच्या घरी दोन दिवसांत मिळून दीड-दोनशे पानं उठायची. मुंबईचे भाऊबंद, माझे शाळेतले सहकारी, भावाचे सोसायटीतले लोक, कुणाकुणाचे मित्र, मित्रांचे मित्र. पहाटे तीनला चूल पेटायची ती रात्री अकराला विझायची. अंगणात विटा मांडून दुसरी चूल. दोन जावा, आई, एखादी आलेली नणंद आणि ही. भाकरीच्या धगीनं आणि धुरानं डोळे लाल व्हायचे. आम्ही पुरुष काय करत होतो? पाहुण्यांना या-बसा म्हणत होतो, पंगतीत आग्रह करत होतो आणि मधूनच आत डोकावून 'अजून दहा पानं आहेत गं' असं ओरडून सांगत होतो.

संध्याकाळी पालखी निघायची. ढोल-लेझीम, गुलाल. पालखी आमच्या दारावरून जाताना बायका तेवढ्या ओल्या हातानं दारात यायच्या, पाणी घालायच्या, ओवाळायच्या आणि पुन्हा आत. दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचं मैदान. तिथं बायका जात नसत. रात्री तमाशा. तिथं तर घरंदाज बायकांनी जाण्याचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या दिवशी बैलगाडीच्या शर्यती. तिथंही नाही. मेवामिठाईची दुकानं, पाळणे, खेळणी, बांगड्यांची पालं हे सगळं देवळाच्या पटांगणात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सौ. म्हणाली, "पाळण्याचा आवाज मला न्हाणीतनं भांडी घासताना ऐकू यायचा. आवाजावरनं सांगायची मी पोरांना, पाळणा भरला का रिकामा ते."

आता माझ्या अपराधाची गोष्ट. मी अकरा वर्षं गावच्या यात्रा कमिटीचा चिटणीस होतो. अक्षर चांगलं, शुद्धलेखन बरं, म्हणून यात्रेची पत्रिका लिहायचं काम माझ्याकडे. त्या पत्रिकेत सगळ्यांची नावं असायची. देणगीदार, मानकरी, कुस्तीचे पंच, जोड ठरलेले पैलवान, तमाशाचा फड, शर्यतीची बक्षिसं, मंडपवाला, बँडवाला. आणि सगळ्यांत खाली एक ठरलेली ओळ: 'माता-भगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.'

ही ओळ मी अकरा वर्षं लिहिली. माझ्याच हातानं. आणि त्या अकरा वर्षांत माझी स्वतःची बायको एकदाही उपस्थित नव्हती. मी कधी चौकशी केली नाही, कारण ती कुठं असते हे मला ठाऊक होतं. ती घरात होती म्हणूनच मी पटांगणात स्टेजवर होतो.

तासगावात घर बांधल्यावर तरी काही फरक पडला का? नाही. तासगावचा मोठा सोहळा म्हणजे भाद्रपदात ऋषिपंचमीला निघणारा गणपतीचा रथ. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या काळापासूनची परंपरा. उजव्या सोंडेचा गणपती, दक्षिणेकडच्यासारखं उंच गोपूर, आणि दोरखंडानं माणसांनी ओढायचा तो रथ. बाहेरगावाहून लोक येतात, दोरखंडाला हात लागला तरी धन्य मानतात. आमचं घर गावात, म्हणून पाहुणे आमच्याकडे. रथ काशीविश्वेश्वराकडे जाऊन परत येईपर्यंत हिची पोळ्यांची चळत तयार. सौ.नं रथ बघितला आहे, पण गच्चीतून, आणि तोही कुकरच्या शिट्ट्या मोजत.

असो. त्या फाल्गुनातल्या संध्याकाळनंतर मी ठरवलं की आपण दोघांनी जायचं. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "गाडी करून देतो, आम्हीही सगळे येतो." मी म्हटलं, "तुम्ही येऊ नका." त्याला जरा चमत्कारिक वाटलं असावं.

2025 ला चैत्री पौर्णिमा 12 एप्रिलला होती. त्या दिवशी डोंगरावर लाखो लोक असतात. तीस-चाळीस फुटी सासनकाठ्या नाचत येतात, पाडळीच्या काठीचा पहिला मान, त्यामागं विहे, मग आपल्या सांगलीकडची कसबे डिग्रजची, अशी रांग. ते दृश्य डोळ्यांचं पारणं फेडणारं खरं, पण आमच्या गुडघ्यांना झेपणारं नाही. म्हणून आम्ही पौर्णिमेनंतरचा पाकाळणीचा रविवार धरला. पाकाळणी म्हणजे यात्रा झाल्यावर देऊळ धुऊन स्वच्छ करतात ती. हे सांगितल्यावर सौ. म्हणाली, "म्हणजे पाहुणे गेल्यावर घर धुवायचं देवालाही चुकलं नाही म्हणा."

सकाळी सहाच्या एस.टी.नं निघालो. तिकिटाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे माझं शून्य आणि हिचं अर्धं. दोघांचं मिळून अर्धं तिकीट! या सवलतींवर टीका करणारे पुष्कळ आहेत. एस.टी. तोट्यात जाते, फुकटचं कशाला, वगैरे. त्यांचा हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण त्या रविवारची गाडी बघायला हवी होती. निम्म्याहून जास्त बायका. चार-चार, सहा-सहाच्या घोळक्यानं, बरोबर पुरुष नाही, पिशवीत नारळ आणि गुलालाची पुडी. एकीनं सांगितलं, "आधी म्हणायचे तुझ्या तिकिटाला पैसं कुठनं आणू? आता तेवढं तरी बोलता येत नाही." घरातून निघायला बाईला नेहमी काहीतरी सबब लागत आलेली आहे. पूर्वी ती सबब नवस होती, आता नवस आणि अर्धं तिकीट.

सांगली, अंकलीचा पूल, जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूरला आलो. स्टँडवर गाडी बदलली. केर्लीपासून डोंगर चढायला लागला तशी सौ. खिडकीला डोकं लावून बसली. एक्कावन्न वर्षांपूर्वी ट्रकात तिला फक्त सासूबाईंचा पदर दिसला होता, असं ती म्हणाली. आता समोर पन्हाळा दिसत होता.

देवळाचं वर्णन मी करत बसत नाही, तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे. काळ्या दगडाची देवळं गुलालानं गुलाबी झालेली, पायऱ्या गुलाबी, कुत्री गुलाबी, पुजाऱ्याच्या डोक्यावरचे पांढरे केस गुलाबी. दवण्याचा वास. 'चांगभलं'चा गजर. रांगेत पावणेदोन तास उभे राहिलो. खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या टकलावर बसला. सौ. इतकी हसली की पुढच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. आमच्या घरात ती अशी हसलेली मी शेवटची कधी पाहिली, ते मला आठवेना.

दर्शन झाल्यावर बांगड्यांच्या पालासमोर ती थांबली. कासारानं तिचा हात हातात घेऊन, दाबून, वळवून हिरव्या बांगड्या चढवल्या. मी समोर उभा राहून पैसे दिले. बांगड्या भरताना हात दुखतो हे मला शहात्तराव्या वर्षी समजलं. कारण यापूर्वी मी बांगड्या फक्त भरलेल्या पाहिल्या होत्या.

मग तिचं लक्ष पाळण्याकडं गेलं. मोठा पाळणा होता, दिवे लावलेला. म्हणाली, "बसू का?" मला चक्कर येते, मी नको म्हटलं. शिवाय मनात आलं, या वयात लोक काय म्हणतील. हे मनात आलं ते मी बोललो मात्र नाही, एवढंच माझं शहाणपण. ती एकटीच गेली. पाळणेवाल्या पोरानं "आजी, भ्या वाटलं तर हात वर करा, थांबवतो" म्हणून तिला एका कॉलेजच्या मुलीशेजारी बसवलं. मी खाली उभा. एका हातात तिची पिशवी, दुसऱ्या हातात तिच्या चपला. पाळणा फिरायला लागला. तो करकर आवाज मी अगदी नीट ऐकला. तिनं हात वर केला नाही. उतरल्यावर म्हणाली, "पन्हाळा त्याहून वरनं दिसतो."

दुपारी एका झाडाखाली बसलो. मी म्हटलं, चल, हॉटेलात जेवू. तिनं पिशवीतून गाठोडं काढलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची कोरडी भाजी, आणि पुडीत बेदाणे. मी विचारलं, "हे कधी केलंस?"

"साडेतीनला उठले होते."

मंडळी, मला तो घास गिळवेना. एक्कावन्न वर्षांनी मी बायकोला जत्रा दाखवायला आणली, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत आणली, आणि त्या दिवशीसुद्धा ती साडेतीनला उठून चुलीपुढं उभी राहिली होती. मी पाच वाजता उठलो, आंघोळ केली, चहा घेतला आणि 'चल लवकर, गाडी चुकेल' म्हणालो होतो. दशम्या आपोआप तयार होत नाहीत, हे माझ्या डोक्यात आलंही नव्हतं.

मी तावातावानं म्हटलं, "आता गावच्या जत्रेत चूल बंद. हॉटेलातनं मागवू, नाहीतर पाहुण्यांना बोलवायचंच नाही."

त्यावर ती जे बोलली ते मला तुम्हाला सांगायचं आहे. कारण या विषयावर बोलणारे आम्ही पुरुष एक तर बाईला 'अन्नपूर्णा' म्हणून मखरात बसवतो, नाहीतर 'चूल बंद' म्हणून मोकळे होतो. ती म्हणाली, "चूल बंद कशाला? जत्रेतला सैपाक मला कधी जड गेला नाही. धाकट्या जाऊबाई आणि मी पोळ्या लाटताना जेवढ्या हसलो, तेवढ्या कुठं हसलो नाही. वन्सं माहेरी यायच्या त्या चुलीपाशीच बसायच्या, त्यांची सुखदुःखं मला तिथंच कळली. पाहुणा जेवून 'वहिनी, झकास' म्हणाला की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? जड काय जायचं सांगू? कुणी तासभर येऊन 'मी बसतो भाकरीला, तू जाऊन ये' असं म्हणत नव्हतं. एक तास ओ. पालखी तासाभराचीच असते."

एक तास. पत्रिकेतल्या त्या ओळीची किंमत एवढीच होती, एक तास. आणि तो आम्ही घरातल्या सात-आठ पुरुषांपैकी कुणीही दिला नाही.

करोनाच्या काळात 2020 आणि 2021 ला यात्रा भरल्या नाहीत. जोतिबाची नाही आणि आमच्या गावचीही नाही. पुरुष मंडळी हळहळत होती, मीही होतो. तेव्हा मी हिला विचारलं नव्हतं. त्या झाडाखाली विचारलं. म्हणाली, "वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्या दोन वर्षी जत्रेच्या दिवशी मी दुपारी झोपले होते. लग्नानंतर पहिल्यांदा."

आता थोडं कडवट बोलतो. बैलगाडीच्या शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली. सात वर्षं आपल्या भागात दुसरा विषय नव्हता. मोर्चे निघाले, विधानसभेत कायदा झाला, डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली, मे 2023 ला घटनापीठानं तो कायदा मान्य केला. बैलाला चाबूक मारायचा की नाही, किती अंतर पळवायचं, डॉक्टर हजर हवा की नको, सगळ्याचे नियम झाले. झाले ते चांगलंच झालं. मुक्या जनावराचा विचार व्हायलाच हवा. पण जत्रेतल्या बैलाचं सुखदुःख दिल्लीपर्यंत पोचलं आणि जत्रेतल्या बाईचं सुखदुःख माजघरातून सोप्यापर्यंतसुद्धा आलं नाही, ही गोष्ट मला आता डाचते. त्यासाठी कुठल्या कायद्याची गरज नव्हती. कुणीतरी पीठ मळायला बसायचं होतं.

कुणी म्हणेल, मास्तर, काळ बदलला. ते खरं आहे. आता पुष्कळ घरी जत्रेला आचारी बोलावतात. काही गावांत सगळ्या गावाचा एकत्र महाप्रसाद होतो, घरोघरी चूल पेटवावी लागत नाही, आणि श्रीमंत-गरिबाची पंगतही एक होते. ही पद्धत मला सर्वांत चांगली वाटते. मैदानाचंही तसंच. ज्या सांगलीत बायका कुस्तीच्या मैदानाकडे फिरकत नसत, त्याच सांगलीत मार्च 2023 मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. पोरी आखाड्यात उतरल्या. पण त्या पोरीची कुस्ती बघायला तिच्या आईला, चुलतीला घरातून कोण सोडतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आचारी मटण शिजवतो, भाकरी कोण थापतं? महाप्रसाद असला तरी घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांचा सकाळचा चहा कोण करतं? तपशील बदलले. तो एक तास अजून तिथंच आहे.

आणि कुणी म्हणेल, अतिथी देवो भव, आपली संस्कृती. मान्य. मी ते वचन वर्गात शिकवलेलं आहे. पण वचनात कुठंही 'अतिथीचा देव घरातल्या बाईनंच एकटीनं पुजावा' असं म्हटलेलं नाही. पाहुणा माझा असेल तर त्याची भाकरी माझीही आहे.

त्याच वर्षी वैशाखात गावची यात्रा आली. मी पुतण्यांना आणि मुलाला आदल्या रात्री बसवून सांगितलं की पालखी निघायच्या वेळी घरातल्या सगळ्या बायका पटांगणात असतील आणि आपण सगळे आत. थोडी चेष्टा झाली. पुतण्या म्हणाला, "काका, रिटायर होऊन आचारी झाला काय?" पण बसले. मला भाकरी काही थापता आली नाही, परातीत नुसता नकाशा झाला. मग मी लसूण सोलला, कांदे चिरले, भांडी विसळली. मुलानं वाढप केलं. एका पाहुण्यानं मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, त्याला मीठ दिलं. आकाश काही कोसळलं नाही. पाऊण तासात माझी कंबर धरली आणि एक्कावन्न गुणिले दोन दिवस हा गुणाकार मी मनातल्या मनात करून सोडून दिला.

सौ. आणि दोन्ही जावा पालखीबरोबर देवळापर्यंत गेल्या. परत आल्या तेव्हा केसांत गुलाल होता. आल्या आल्या ही आत शिरली, ओट्याकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, "कांदा काय असा चिरतात?" मग पदर खोचून कामाला लागली. पण जाताना मला एवढं म्हणाली, "पालखी वळणावर पाचच मिनिटं थांबते, मला वाटायचं बराच वेळ थांबते."

एक्कावन्न वर्षं तिनं ती पालखी आवाजावरूनच पाहिली होती.

तेव्हा माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान सगळ्या पुरुषांना माझी एक नम्र विनंती, पत्रिकेतल्यासारखी. तुमच्या गावच्या जत्रेची पत्रिका हातात आली की खालची ती ओळ वाचा. माता-भगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे. मग आत जाऊन घरातल्या बाईला विचारा, शेवटची पालखी कधी बघितलीस? आणि जमलं तर तिला दुसऱ्या कुणाच्या तरी गावच्या जत्रेला घेऊन जा, जिथं पाहुणे तुम्ही असाल. फक्त जाताना दशम्या तुम्ही करा. जमत नसतील तर हॉटेलात जेवा.